हं म्हणायची जागा

रामदासपेठेतल्या डॉक्टर अरुंधतीबाईंच्या प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की त्याची बातमी बाहेर जायची ती गोपिका ढोबळेच्या तोंडून. काटोल, कामठी, सावनेर, उमरेड, कुठून ना कुठून फोन आलेला असायचा. आतून आया ओरडून सांगायची आणि गोपिका रिसीव्हरमध्ये म्हणायची, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत." किंवा मुलगा झाला, दोघे सुखरूप आहेत. पलीकडे कुणी हसायचं, कुणी रडायचं. एक जण तर रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून गावात पळत सुटला होता आणि त्याच्या मागे लागलेल्या कुत्र्यांचा आवाज गोपिकेने बराच वेळ ऐकला होता.

सहा वर्षं ती अशा बातम्या सांगत होती. मात्र जन्म होताना तिने एकही पाहिला नव्हता.

बाळंतिणीच्या खोलीचं दार तिच्या खुर्चीवरून दिसायचं. नर्स आत जायच्या, बाहेर यायच्या, दार मिटायचं. गोपिकेला ते काम शिकायचं होतं. दोनदा तिने डॉक्टरीणबाईंना तसं विचारलंही होतं, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या होत्या, "शिकवते की. हात चांगले आहेत तुझे, डोकंही थंड आहे. पण तू आत आलीस तर फोन कोण घेईल?"

प्रश्न खराच होता. मध्ये एक दुसरी मुलगी ठेवून पाहिली होती. फोनवर कुणी रडायला लागलं की तीही रडायला लागायची. आठवड्यात ती माहेरी गेली ती परत आली नाही.

दिवसभर येणाऱ्या फोनपैकी निम्म्याहून जास्त फोन एकाच पठडीतले. भेटायची वेळ कोणती? भरती करताना सोबत काय आणायचं? डॉक्टरीणबाई सकाळी केव्हा तपासतात? स्टेशनवरून यायचं तर उतरायचं कुठं? ही उत्तरं गोपिका झोपेतही देत असे, असं तिची वहिनी सांगायची.

त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत नर्सच्या खोलीतली घंटा बिघडली आणि ती दुरुस्त करायला चंद्रभान मेश्राम आला. पॉलिटेक्निक झालेला, सीताबर्डीच्या एका बोळात रेडिओ नि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. घंटा जोडता जोडता त्याने गोपिकेला तीच चार उत्तरं इतक्या वेळा देताना ऐकलं, की जाताना तो म्हणाला, "गोपिकाबाई, हे तर टेपरेकॉर्डर बी सांगू शकते."

"मग मी काय करू?"

"तुमी आराम करा."

"आराम नको मले," गोपिका म्हणाली. "मले त्या दारातून आत जायचं आहे."

तिने त्याच दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं.

टेलिफोन खात्याच्या तारेला हात लावायला बंदी होती. म्हणून चंद्रभानने तारेला हात न लावता काम भागवलं. सागाच्या फळ्यांचा एक डबा केला. त्यात रिसीव्हर कायमचा आडवा झोपवायचा. बोलायच्या तोंडापाशी छोटा स्पीकर. घंटी वाजली की एक लोखंडी दांडी आपोआप उचलली जाऊन फोन सुरू व्हायचा आणि कॅसेट फिरू लागायची. कॅसेटमध्ये गोपिकेचा आवाज. डॉक्टरीणबाईंनी मजकूर लिहून दिला होता आणि बजावलं होतं, स्पष्ट बोल, एका दमात बोल, मध्ये रेंगाळू नकोस. सगळं सांगून झालं की नर्सच्या खोलीत घंटा वाजायची. कुणाला आणखी काही विचारायचं असेल तर तिथून नर्स येऊन फोन घ्यायची.

रुखमाबाई, तिथली सगळ्यांत जुनी आया, डब्याभोवती एक चक्कर मारून आली. "गोपे, तुले पेटीत भरलं वं यानं."

पहिल्याच आठवड्यात काटोलच्या भैय्याजी वानखडेंनी त्या पेटीला जेरीस आणलं, की पेटीने त्यांना, हे सांगणं कठीण. भैय्याजी संत्र्याचे बागाईतदार. मुलगी वच्छला पहिल्या बाळंतपणाची, तपासणीला नागपुरात नणंदेकडे आलेली. भैय्याजी अडत्याच्या दुकानातून, एक्स्चेंजमार्फत, ट्रंककॉल लावायचे. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की वच्छलाला डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं. त्यांनी विचारलं. गोपिकेचा आवाज म्हणाला की सोबत दोन जुनी सुती लुगडी आणावीत. त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज म्हणाला, चहाचा थर्मास आणावा. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज स्टेशनवरून यायचा रस्ता सांगत होता, आणि रस्ता संपण्याआधी ट्रंककॉलची मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी स्वतःच बसने आले. संत्र्यांची टोपली गोपिकेच्या टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"तूच का वं ते?"

"कोण, भैय्याजी?"

"मधात बोलूच देत नाही ते. माझी सासू बी अशीच होती. पन ते निदान पानी प्याले थांबे."

अशा तक्रारी रोज येऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी चंद्रभानला बोलावलं. त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "फोन करणाऱ्याला हिला मध्येच थांबवता आलं पाहिजे. ज्याला फक्त वेळ हवी आहे त्याने ऐकून फोन ठेवावा. ज्याला बोलायचं आहे त्याने तोंड उघडताच ही गप्प झाली पाहिजे आणि नर्सच्या खोलीत घंटा वाजली पाहिजे. जमेल?"

"जमेल."

"मग ऐक. पुढच्या सोमवारी मी बाळंतिणीच्या खोलीत एक नवीन मुलगी शिकायला घेते आहे. रविवारपर्यंत हे यंत्र शहाण्यासारखं वागलं तर ती मुलगी गोपिका. नाही तर मी बाहेरून कुणीतरी बघते, आणि गोपिका तिच्या खुर्चीत."

 गोपिकेने संत्र्याची साल सोलली ती पूर्ण एक सलग निघाली, एवढंच.

चंद्रभानने डब्याला कान बसवला. म्हणजे रिसीव्हरच्या ऐकायच्या बाजूला एक माइक. पलीकडून आवाज आला की कॅसेट थांबायची आणि घंटा वाजायची. पहिल्या चाचणीत गोपिकेच्याच आवाजाने गोपिकेला थांबवलं, कारण स्पीकरचं बोलणं फिरून त्या माइकमध्ये शिरत होतं. "नमस्का" म्हणून डबा गप्प. पुन्हा "नमस्का" म्हणून गप्प. रुखमाबाई हसून हसून भिंतीला टेकली. चंद्रभान डबा दुकानात घेऊन गेला, दोन दिवस खटपट केली आणि आपलाच आवाज ओळखून सोडून द्यायला त्याला शिकवून परत आणला. मग त्याने शेजारच्या औषधांच्या दुकानातून फोन लावला. डबा बोलू लागला. चंद्रभान म्हणाला, "थांबा." डबा थांबला. घंटा वाजली. गोपिकेने टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सकाळी डबा कामाला लागला.

नर्सच्या खोलीतली घंटा वाजली. नर्स धावली. पलीकडे एक बाई होती, तिला काही विचारायचं नव्हतं. घंटा पुन्हा वाजली. पलीकडच्या माणसाला काही नको होतं. घंटा वाजतच राहिली. दर फोनला घंटा, आणि दर फोनला पलीकडचा माणूस बिचकलेला. अकरा वाजेपर्यंत दोन्ही नर्सनी हात टेकले आणि गोपिका पुन्हा रिसीव्हर घेऊन बसली.

"काय विचारायचं होतं, दादा?"

"काहीच नाही."

"मग मधात बोललात कशाला?"

"म्या? म्या कुठं बोललो? तुमी सांगून राहिल्या होत्या, मी ऐकून राहिलो होतो. तुमीच चूप झाल्या."

चंद्रभान आला. त्याने कानाला हेडफोन लावले, गोपिकेने दुसरी जोडी लावली आणि दोघे येणारे फोन ऐकत बसले. डबा म्हणाला, "नमस्कार, हे रामदासपेठेतलं प्रसूतिगृह," आणि पलीकडून आवाज आला, "हं." डबा थांबला. पुढचा फोन. "भेटायची वेळ सकाळी," "हो." थांबला. पुढचा फोन. "भरती होताना सोबत दोन जुनी," "बरं बरं." थांबला. कामठीहून एक आजोबा होते, त्यांनी तर नमस्कारालाच नमस्कार केला.

"हं म्हणतात," चंद्रभान हेडफोन काढून म्हणाला. "सारेच्या सारे हं म्हणतात. काहून म्हणतात?"

"ऐकतात म्हणून."

"ऐकाले हं कायले पाह्यजे? कान पाह्यजे!"

रुखमाबाई कापसाचे बोळे करत दारात बसली होती. "तुह्या मायनं कधी गोष्ट नाही सांगतली वाटते तुले," ती म्हणाली. "हुंकारा नाही देल्ला तं सांगनारा पुढं बोलते का? त्याले वाटते झोपलं पोट्टं."

"मावशी, ही गोष्ट नाही. ही सूचना आहे."

"मग सूचनेत सांग ना त्याईले, चूप राहा म्हनून."

रुखमाबाईने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं, पण चंद्रभानला ते पटलं. संध्याकाळी त्याने कॅसेटच्या सुरुवातीला गोपिकेकडून एक वाक्य भरून घेतलं: कृपया मध्ये न बोलता शांतपणे ऐका. शुक्रवारी सकाळी पहिला फोन आला. दोघे हेडफोन लावून बसले. डबा म्हणाला, "कृपया मध्ये न बोलता शांतपणे ऐका."

पलीकडचा माणूस आज्ञाधारकपणे म्हणाला, "बरं बाई."

डबा थांबला. घंटा वाजली. नर्स या वेळी उठलीसुद्धा नाही.

शुक्रवार दुपारपर्यंत "बरं," "नाही बोलत," "सांगा तुमी," आणि एकदा "मी कुठं बोलून राहिलो?" अशी सगळी उत्तरं येऊन गेली. चंद्रभानने कान थोडा बधिर करून पाहिला. मग खरंच प्रश्न विचारणारी कामठीची एक मऊ आवाजाची सासूही डब्याला ऐकू येईना. तिने सुनेची चौकशी संपूर्ण केली आणि डबा तिच्यावरून थर्मासपर्यंत बोलत गेला. कान पुन्हा तिखट केला, की पुन्हा हं.

डॉक्टरीणबाई जाता जाता टेबलापाशी थांबल्या. "एक मुलगी उद्या भेटायला येते आहे," त्या म्हणाल्या. "धंतोलीतली आहे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही." आणि त्या आत गेल्या. दार मिटलं.

चंद्रभानने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "माफ करा, गोपिकाबाई. यंत्रात काही दोष नाही. तुमच्या लोकाईले गप्प राहून ऐकताच येत नाही, त्याले मी काय करू?"

"माझे लोक?" गोपिका एकदम उसळली. "आन् तुमचे कोण, विलायतेचे? सहा वर्षं झाली मले या खुर्चीत."

"हं."

"मी कोणाले कधी नाही म्हटलं, का चूप बसा."

"बरोबर."

"इथं फोन करणारा माणूस जीव मुठीत धरून असते. त्याची बायको आत असते, पोरगी आत असते."

"हो ना."

"त्याले तिकडून कोणी बोलते एवढं समजलं तरी त्याच्या तोंडातून," आणि ती थांबली.

चंद्रभान तिच्याकडे बघत होता. "बोला ना. थांबल्या काहून?"

"तुमी आत्ता काय केलं?"

"मी? काही नाही. ऐकून राहिलो होतो."

दारातून रुखमाबाईचा खो खो हसायचा आवाज आला. चंद्रभानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि मग तोही हसायला लागला. त्याला हसू आवरेना. "म्हणजे मी बी," तो म्हणत होता, "मी पॉलिटेक्निकवाला बी..."

पण गोपिका हसत नव्हती. तिचं लक्ष भलतीकडे लागलं होतं. "चंद्रभानभाऊ, पुन्हा एकदा ऐका," ती म्हणाली आणि बोलू लागली. वहिनीने काल भाजीत मीठ कसं जास्त घातलं, भाऊ कसा मुकाट जेवला, हे तिने श्वास न घेता एका दमात सांगितलं. चंद्रभानने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं आणि मिटलं. त्याला शिरायला जागाच मिळेना. तिसऱ्यांदा त्याच्याने राहवलं नाही आणि ती मीठ हा शब्द उच्चारत असतानाच त्याने त्यावर आपला हं टाकला.

"पाह्यलं?" गोपिका म्हणाली. "आता हे ऐका." तीच हकिगत तिने पुन्हा सांगितली. या वेळी रोजच्यासारखी, माणसाशी बोलतात तशी. वहिनीने भाजी केली. ती थांबली. चंद्रभान म्हणाला, "हं." मीठ जास्त झालं. "अरे अरे." भाऊ काही बोलला नाही. "हं." एकही हं तिच्या शब्दावर पडला नाही. सगळे थांब्यावर उतरले, एस.टी.तून उतरावे तसे.

"बाईंनी मले एका दमात वाचाले लावलं," ती म्हणाली. "मी लोकाईले हं म्हणाले जागाच नाही ठेवली. जागा नाही म्हणून त्यांचा हं माझ्या बोलण्यावर पडते."

"पण ज्याले खरंच विचारायचं," चंद्रभानने तिचं वाक्य मध्येच तोडलं आणि स्वतःच थांबला. त्याने बोट वर केलं. "आत्ता मी काय केलं?"

"मधात घुसले."

"थांब्याची वाट नाही पाह्यली. ज्याले विचारायचं असते तो वाट पाहतच नाही!" तो उठून उभा राहिला होता. "बस. झालं काम. कॅसेटवर दोन पट्ट्या असतात. एकीवर तुमचा आवाज. दुसरीवर मी खूण भरतो. तुमी जिथं थांबाल तिथं खूण. खूण आहे तोवर डब्याचा कान बंद, हं म्हणा, बरं म्हणा, राम राम म्हणा. तुमी बोलाले लागल्या की कान उघडा. तुमच्या बोलण्यावर जो बोलला त्याच्यासाठी घंटा."

"आन् कोणी थांब्यावरच प्रश्न सुरू केला तर?"

चंद्रभानने क्षणभर विचार केला. "प्रश्न तेवढ्या जागेत मावत नाही. पुढच्या शब्दावर चढतेच तो."

शनिवारी दुपारी, भेटायची वेळ संपल्यावर, दोघे कॅसेट नव्याने भरायला बसले. मजकूर तोच होता, फक्त गोपिकेने तो आपल्या बोलीच्या जवळ आणला आणि त्याचे तुकडे पाडले. पण भिंतीकडे बघून बोलताना थांबे नीट पडेनात. कुठे लांब, कुठे तोकडे. समोर ऐकणारं माणूस हवं होतं. रुखमाबाई समोर बसली. तिचा हुंकारा इतका खणखणीत, की पहिल्या खेपेला तो कॅसेटवर उतरला. दुसऱ्या खेपेला तिने ओठ घट्ट मिटले, तर हं नाकातून आला. तिसऱ्या वेळी तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नुसत्या मानेने हुंकारे दिले. तिची मान हलली की गोपिका पुढचं वाक्य बोलायची. असं ते सगळं नीट भरलं गेलं. बोळा काढल्यावर रुखमाबाईचे पहिले शब्द होते, "मरन असते ना वं हे, चूप राहनं."

डॉक्टरीणबाईंनी कॅसेट ऐकली. "लांबली की," त्या म्हणाल्या.

"लांबली," गोपिकेने कबूल केलं. "पण आता ती माणसाशी बोलते."

"ती धंतोलीची मुलगी भेटून गेली. हुशार आहे." बाईंनी चष्मा पुसला. "उद्या संध्याकाळपर्यंत बघू."

रविवारी पहाटे वच्छलाला कळा सुरू झाल्या आणि तिची नणंद तिला रिक्षात घालून घेऊन आली. काटोलला निरोप गेला. गोपिका सुट्टी असूनही सहा वाजता आली होती. ती डब्याजवळ बसली, हेडफोन लावून, हात मांडीखाली दाबून, चुकून रिसीव्हरला लागू नयेत म्हणून.

पहिला फोन आला. "नमस्कार. हे रामदासपेठेतलं प्रसूतिगृह आहे." थांबा. "हं," पलीकडून. डबा पुढे बोलला. "भेटायला सकाळी आठ ते नऊ या." "बरं." "सायंकाळी चार ते सहा." "चार ते सहा, हो." डबा बोलत राहिला, पलीकडचा माणूस हुंकारे देत राहिला, शेवटी "ठीक आहे बाई, राम राम" म्हणून त्याने फोन ठेवला. घंटा वाजली नाही. गोपिकेने श्वास सोडला.

दुसरा फोन तसाच गेला. तिसरा तसाच. चौथ्या फोनला डबा म्हणत होता, "सोबत दोन जुनी," आणि एक बाई घाईघाईने म्हणाली, "अवं ते जाऊ दे, माह्या सुनेले ताप आला, घेऊन येऊ का?" डबा जागच्या जागी गप्प झाला. घंटा वाजली. नर्सने दोन ढांगांत फोन गाठला आणि सांगितलं, लगेच घेऊन या. फोन ठेवून तिने डब्याकडे पाहिलं, मग गोपिकेकडे. "बाई गं," ती म्हणाली. "कळतं की याला."

दुपारपर्यंत घंटा जेव्हा जेव्हा वाजली तेव्हा पलीकडे खरंच विचारणारं माणूस होतं. दहाच्या सुमाराला भैय्याजींचा ट्रंककॉल आला. भेटायच्या वेळेला त्यांनी हं म्हटलं, थर्मासला हं म्हटलं, आणि स्टेशनचा रस्ता सुरू होताच म्हणाले, "रस्ता मले माहीत आहे वं, पोरगी कशी आहे ते सांग!" डबा थांबला. भैय्याजींना त्याची सवय नव्हती. त्या शांततेत ते दचकलेच. "हॅलो? बाई? रागावली का?"

डॉक्टरीणबाई हात पुसत दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं. त्यांनी स्वतः पुढे होऊन भैय्याजींना सांगितलं की वच्छलाचं ठीक चाललं आहे, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल, दुपारी पुन्हा फोन करा. मग रिसीव्हर डब्यात ठेवला, फळीवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "गोपिका, सोमवारची वाट कशाला बघायची? कोपरापर्यंत हात धू. नखं बघू."

गोपिकेने हात पुढे केले. तिने ती नखं पंधरा दिवसांपासून कापलेली ठेवली होती.

आतली खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली आणि फार उजेडाची. तिचं काम एकच होतं, वच्छलाच्या डोक्याशी उभं राहायचं आणि तिला हात धरू द्यायचा. वच्छलाने तो असा धरला की गोपिकेची बोटं बधिर झाली. बाहेर मध्ये मध्ये घंटा वाजायची, कुणीतरी धावायचं, पण ते सगळं आता दुसऱ्याच गावी चाललं असावं तसं वाटत होतं. "सोड श्वास, माय, सोड," रुखमाबाई सांगत होती. डॉक्टरीणबाई शांतपणे, स्वयंपाकघरातून कुणाला काही मागावं तशा आवाजात बोलत होत्या. वच्छला एकदा म्हणाली, मी घरी जाते. एकदा म्हणाली, मी मरते. एकदा तिने सासरच्या सगळ्यांचा उद्धार केला. रुखमाबाईने प्रत्येक शिवीला मान डोलावली.

आणि मग, गोपिकेला नीट कळायच्या आत, खोलीत एक माणूस जास्त होतं. मघाशी नव्हतं आणि आता होतं. ओलं, सुरकुतलेलं, जांभळट, मुठी वळलेलं. त्याने तोंड उघडलं, काही क्षण त्यातून काहीच आलं नाही, आणि मग असा काही टाहो फुटला की त्या एवढ्याशा छातीत तो मावला कसा हेच गोपिकेला उमगेना. जांभळा रंग तिच्या डोळ्यांदेखत गुलाबी होत गेला. ती तोंड उघडं ठेवून बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अवं, फडकं दे ना!" रुखमाबाई ओरडली. "पाहत काय राहिली, भूत पाह्यल्यासारखी!"

गोपिकेने फडकं दिलं. रुखमाबाईने बाळ पुसलं, गुंडाळलं आणि तिच्या हातात ठेवलं. ते ऊन होतं, नुकत्याच भाजलेल्या भाकरीसारखं. गोपिकेने ते वच्छलाच्या कुशीत नेऊन दिलं, आणि वच्छलाने सासरच्यांना दिलेल्या शिव्या सगळ्या परत घेतल्या.

बाहेर घंटा वाजली. "काटोल!" नर्सने दारातून हाक मारली. "भैय्याजी आहेत. गोपिकाताई, तुम्हीच सांगा."

गोपिका तशीच धावली, ओल्या हाताने रिसीव्हर डब्यातून ओढून काढला. "भैय्याजी! झालं! बाळ झालं!"

"झालं?" पलीकडे भैय्याजींचा आवाज चिरकला. "वच्छला?"

"एकदम चांगली आहे. बोलून राहिली. आन् बाळ, भैय्याजी, काय सांगू! एवढाले केस आहेत. मुठी अशा वळलेल्या. रडलं तर सारं घर हाललं. मी पाह्यलं, भैय्याजी. मी तिथंच होती. येताना पाह्यलं मी त्याले!"

"देवा रे माह्या," भैय्याजी म्हणाले. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "पन बाई, काय झालं?"

"बाळ झालं ना!"

"अवं बाळ होय. पन पोरगा का पोरगी?"

गोपिकेने तोंड उघडलं. सहा वर्षं जे वाक्य ती झोपेतही म्हणायची ते तिच्या जिभेवर येऊन थबकलं. तिने केस पाहिले होते, मुठी पाहिल्या होत्या, जांभळ्याचा गुलाबी होताना पाहिला होता. हे तिने पाहिलंच नव्हतं.

"थांबा हं, भैय्याजी," ती म्हणाली, रिसीव्हर टेबलावर टाकला आणि पळत सुटली.

वच्छला डोळे मिटून पडली होती. गोपिकेने फडक्याचं टोक अलगद उचललं, पाहिलं, पुन्हा झाकलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या. त्यांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

तिने रिसीव्हर कानाला लावला तेव्हा पलीकडे दोघं बोलत होती. एक्स्चेंजमधली बाई लाइनवर आली होती.

"काटोल, बोलणं झालं का तुमचं? लाइन तोडू?"

"नाही झालं ना," भैय्याजी सांगत होते. "ते पाहाले गेली आहे."

"कोण गेली?"

"बाई. आमचं लेकरू पाहाले गेली."

"म्हणजे? अजून पाह्यलंच नाही त्यांनी?"

"पाह्यलं वं, लय पाह्यलं. केस पाह्यले. मुठी पाह्यल्या."

एक्स्चेंजच्या बाईला हसू फुटलं. "मग राहू द्या," ती म्हणाली. "मी बी थांबते. सांगू द्या त्यांना."

"भैय्याजी," गोपिका धापा टाकत म्हणाली. "मुलगी!"

काटोलला अडत्याच्या दुकानात कुणीतरी जोरात आरोळी ठोकली, आणि तीन ठिकाणी तीन माणसं एकदम बोलू लागली.